तिसऱ्या रविवारची हरकत

नॅन्सी : ते बूट कशाला काढलेत?

इसिडोर : उद्या रविवार हाय.

नॅन्सी : रविवार काय आज पयल्यांदा येतोय? दर रविवारी तुमी चपला घालून देवळात जाता. हे बूट घातलेत आपल्या लग्नात, नि मग तुमचे बाबा वारले तवा. मधे त्यात उंदराने पिल्लं घातली, तरी तुमाला पत्ता नव्हता.

इसिडोर : म्हणून तर पुसतोय.

नॅन्सी : म्हणजे उद्या उभं राहायचं ठरलंय.

इसिडोर : काय ठरलं नाय. बूट पुसले म्हणजे माणूस लगेच कोर्टात चालला काय?

नॅन्सी : जोसू, ये गो भायेर. बघ तुझे बाबा काय करतात ते.

जोसेफीन : ऐकतेय मी सगळं, आई. तिसरीच्या मुलांचे पेपर तपासायचे राहिलेत, ते इथेच ओसरीवर घेऊन बसते. बाबा, सरका जरा.

नॅन्सी : पेपर राहू दे. आधी यांना इचार. यांना आठवण हाय काय, तू फादरच्या पुढ्यात काय बोललीस ते.

इसिडोर : मी म्हातारा झालोय, येडा नाय झालो. आठवण हाय.

नॅन्सी : मग बोला, काय बोलली?

इसिडोर : उद्या मोठ्या मिस्साला फादर तिचं नाव तिसऱ्यांदा पुकारणार. कोणाची हरकत हाय काय म्हणून इचारणार. तवा मी उभा राहून नाय म्हटलं, तर ती सिस्टर व्हायला जाणार नाय. शाळेत शिकवंल, घरी राहील. झालं?

नॅन्सी : झालं. आता ते बूट ठेवा.

इसिडोर : मी तिच्याकडे शब्द मागितला नव्हता.

जोसेफीन : नव्हता मागितला. मीच दिला. भांडून जायचं नव्हतं मला.

नॅन्सी : आणि हे सगळं कोणी काढलं? मरोळमधे आजवर किती पोरी सिस्टर झाल्या. कोणाचं नाव लग्नासारखं देवळात पुकारलंय? पोरगी पेटी उचलते, आईबाप रडतात, वांद्र्याच्या कॉन्व्हेंटात सोडून येतात, बस. पण नाय. यांना पुकार पायजे.

इसिडोर : पायजेच.

नॅन्सी : फादर किती समजावत होते. म्हणाले, इसिडोर, नियम लग्नाचा आहे. मुलाचं नि मुलीचं नाव तीन रविवार पुकारायचं, कारण एखाद्याचं आधी लग्न झालेलं असलं, काय नातंबितं निघालं, तर लोकांनी येऊन सांगावं. सिस्टरसाठी असं काय नसतं. तर हे काय म्हणाले माहीत हाय?

जोसेफीन : मी तिथेच होते, आई.

नॅन्सी : होतीस, पण मला सांगायला आवडतं. हे म्हणाले, फादर, देवाला माझा जावई करताय ना? मग त्याच्यासाठी नियम वेगळा कशाला? आमच्या आळीतल्या पोरांची सगळी चौकशी करता, त्याची नको?

इसिडोर : आणि फादर हसले.

नॅन्सी : हसले, नि हो म्हणाले. म्हणाले, नियमात बसत नाही, पण पापही नाही. तवापासून माझं डोकं उठलंय. पयल्या रविवारी नाव पुकारलं, तर अर्ध्या बायकांना वाटलं लग्न जमलं. विहिरीवर मला इचारतात, नवरा कुठला? मी काय सांगू?

जोसेफीन : तू सांगितलंस, नाझरेथचा.

नॅन्सी : मग काय करू? रागाच्या भरात निघालं तोंडातून. वर एक म्हातारी म्हणाली, लांब दिली गो.

जोसेफीन : बाबा हसले. बघ, हसतायत.

इसिडोर : नाय हसत. पॉलिशचा वास नाकात गेला.

नॅन्सी : दुसऱ्या रविवारी त्या आंबोलीच्या रेमंडला खोकला आला. फादरनी इचारलं, कोणाची हरकत? नि हा खोकतो. अख्खं देऊळ वळून त्याच्याकडे बघायला लागलं. त्याच्या आईने तर हातातली माळच टाकली.

इसिडोर : मला वाटलं उठतोय.

जोसेफीन : तो कशाला उठेल? आमच्या लग्नाचा विषय तुम्ही आणि त्याच्या वडलांनीच चालवला होता. त्याने मला कधीच विचारलं नाही नि मी त्याला. मागच्या आठवड्यात तो मला अंधेरीच्या बसला भेटला. म्हणाला, जोसू, आय स्वेअर, खराच खोकला होता, वर्कशॉपमधली धूळ जाते घशात. त्याला एक गोराईची मुलगी आवडते.

नॅन्सी : ती काळीसावळी, उंच? लग्नात भेटलेली?

जोसेफीन : तीच.

नॅन्सी : चांगली हाय गो.

इसिडोर : पोरगा चांगला होता. आंबोली म्हणजे इथून हाकेवर. सणाला जेवायला आली असतीस, संध्याकाळी घरी गेली असतीस.

जोसेफीन : बाबा, तुम्हाला रेमंडबद्दल बोलायचंय की दुसरंच काही?

इसिडोर : दुसरं काय?

जोसेफीन : तेच मी विचारतेय. पुकार सुरू झाल्यापासून तुम्ही माझ्याशी फक्त मीठ दे, पाणी दे एवढंच बोलताय. उद्या तुम्ही उभे राहिलात तर मी थांबेन. रुसणार नाही, जेवण सोडणार नाही. पण का ते आज सांगा. देवळात सगळ्यांच्या समोर मला कारण कळायला नको.

नॅन्सी : सांगा आता.

इसिडोर : तू गप गो जरा.

नॅन्सी : बसले मी गप.

इसिडोर : खालचं शेत गेलं ना आपलं, कारखान्यांसाठी. ते घेताना सरकारने काय केलं? नोटीस पाठवली. कोणाची हरकत असल्यास कळवा. मी कळवली. हरकत हाय म्हटलं, माझ्या आज्याची जमीन हाय. तरी नेली. नेली ती नेली, पण आधी इचारलं. आणि माझ्या पोरीच्या वेळी? फादरला माहीत, वांद्र्याच्या सिस्टरांना माहीत, शाळेच्या हेडमास्तरीण बाईला माहीत. मला कळलं सगळ्यात शेवटी. जमिनीला नोटीस येते, नि पोरीला नाय?

जोसेफीन : म्हणून पुकार मागितलात तुम्ही?

इसिडोर : म्हणूनच. एकदा तरी कोणीतरी उभं राहून इचारावं, इसिडोर, तुझं काय म्हणणं हाय?

जोसेफीन : बाबा, मी सगळ्यात आधी तुम्हालाच सांगितलं होतं.

इसिडोर : कवा?

जोसेफीन : गेल्या वर्षी, भात कापताना. वरच्या तुकड्यात आपण दोघंच होतो. मी म्हटलं, बाबा, मला लग्न नाही करायचं, मला सिस्टर व्हायचंय. तुम्ही म्हणालात, ती पेंढी नीट बांध, सुटतेय.

इसिडोर : मला नाय आठवत.

नॅन्सी : मला आठवतं.

इसिडोर : तू होतीस काय तिथं?

नॅन्सी : शेतात नव्हते, घरात होते. त्या दिवशी बोंबील तळले होते, तुमच्या आवडीचे, आणि तुमी हात नाय लावला. इचारलं तर म्हणालात पोट जड हाय. मग वर आढ्याकडे बघत पडून राहिलात. कोयनेचा भूकंप झाला, भांडी पडली, अख्खी आळी भायेर पळाली, त्या रात्रीपण तुमी घोरत होतात. आणि त्या दिवशी झोप नाय. मी तवाच ओळखलं, पोरगी काहीतरी बोललीय नि यांनी ऐकलंय.

इसिडोर : पेंढी सुटत होती खरंच.

जोसेफीन : असेल.

नॅन्सी : सुटत असंल. पण ऐकलंत.

इसिडोर : बरं, ऐकलं. मग? मला वाटलं, बोलली असंल ऊन लागून. पोरी बोलतात. शेजारची ती नर्स होणार होती, आता चार पोरं झालीत.

जोसेफीन : मी ऊन लागून नव्हते बोलले.

इसिडोर : मग कशावरून बोललीस? घरात काय कमी पडलं? शाळेत नोकरी हाय, पोरं बाईबाई करत मागं फिरतात. मिस्साला जा, माळ ओढ, उपास कर, कोण अडवतंय? देव इथं मरोळमधे नाय काय?

जोसेफीन : आहे की. पण माझं काम इथे नाही.

इसिडोर : काम कुठं हाय? ठाण्याच्या पुढं, डोंगराकडेला, महारोग्यांच्या दवाखान्यात? मी इचारून आलोय सगळं. पयली दोन वर्षं वांद्र्याला ठेवतात, मग तिथं पाठवतात. तिथं मुद्दाम मागून घेतलंस म्हणे.

जोसेफीन : हो. मी मागितलं.

इसिडोर : का?

जोसेफीन : सांगू? मधेच उठून बैलाला पाणी दाखवायला जाणार नाही ना?

इसिडोर : बैलाला दाखवलंय. बोल.

जोसेफीन : दोन वर्षांपूर्वी नाताळात आम्ही शाळेची मुलं घेऊन त्या दवाखान्यात गाणी म्हणायला गेलो होतो. आठवतं? आईने तळलेले गोड कलकल बांधून दिले होते. मुलं बाहेर पडवीत उभी राहिली, आम्ही बायकाही. कोणी आत गेलं नाही. गाणी झाली, टाळ्या झाल्या. म्हणजे टाळ्या आमच्या. आतल्या बऱ्याच जणांना टाळ्या वाजवता येत नव्हत्या.

नॅन्सी : हे मला नाय सांगितलंस.

जोसेफीन : कोणालाच नाही सांगितलं. कलकल वाटायला मी आत गेले. एक बाई होती, तुझ्या वयाची, आई. केस कमरेपर्यंत. तिला कलकल पुढे केले, तर म्हणाली, खायचं नको, पोरी, तुला वेळ आहे का? मी म्हटलं, आहे. म्हणाली, माझे केस विंचरशील? तिच्या हातांना बोटं नव्हती.

इसिडोर : मग?

जोसेफीन : मग विंचरले. गुंता खूप होता. सिस्टर विंचरतात, पण वॉर्ड मोठा, दोन सिस्टर, त्यांना आधी जखमा बघायच्या की केस? तिकडे शाळेची बस हॉर्न मारत होती.

इसिडोर : अंबाडा घातलास की वेणी?

जोसेफीन : वेणी. अंबाडा नको म्हणाली, झोपताना टोचतो.

नॅन्सी : बरोबर हाय. टोचतो.

जोसेफीन : ती काही रडली नाही, आशीर्वादही दिला नाही. वेणीवरून मनगट फिरवून बघितलं आणि म्हणाली, घट्ट घातलीस, चार दिवस राहील. मला इतकं बरं वाटलं बाबा, की काय सांगू. घरी आले, शाळा सुरू झाली. फळ्यावर पाढे लिहिताना मनात यायचं, चार दिवस झाले, आता सुटली असेल. ते काही डोक्यातून गेलं नाही. जाईल म्हणून वर्षभर वाट बघितली. मग तुम्हाला शेतात सांगितलं.

इसिडोर : तुला घाण नाय वाटली?

जोसेफीन : आधी वाटली. वास येतो. मग हात कामाला लागले आणि विसरले.

इसिडोर : आणि तुला झालं म्हणजे?

जोसेफीन : सहज होत नाही, आता औषधं आहेत. तिथल्या मोठ्या सिस्टर म्हाताऱ्या झाल्या, त्यांना काही झालं नाही.

इसिडोर : नाव बदलतात ना?

जोसेफीन : बदलतात.

इसिडोर : जोसेफीन माझ्या आईचं नाव हाय. माझ्या आईने मरताना सांगितलं, पोरगी झाली तर माझं नाव ठेवा, म्हणजे मी घरातच राहीन. आणि ते आता पुसून दुसरं लावणार. मग मी हाक काय मारायची? सिस्टर अमुक तमुक, जरा तंबाखू आण?

जोसेफीन : घरी येईन तेव्हा जोसूच म्हणा.

इसिडोर : येशील कवा?

जोसेफीन : पहिली दोन वर्षं नाही सोडत. पुढे वर्षातून एकदा.

नॅन्सी : दोन वर्षं?

जोसेफीन : आई, तुला सांगितलं होतं मी.

नॅन्सी : सांगितलं होतंस. पण आज ऐकू आलं.

इसिडोर : बघ. आता हिला बोल. मला एकट्याला काय बोलतेस?

जोसेफीन : मी कोणालाच बोलत नाहीये. उद्या उभं राहायचं तर राहा बाबा. मी खरंच थांबेन.

इसिडोर : मी अजून काय ठरवलं नाय. जा, दिवा लाव. त्या पोरांचे पेपर अंधारात तपासशील तर सगळी नापास होतील.

नॅन्सी : मी मोठ्या मिस्साला येणार नाय. सांगून ठेवते. पहाटेच्या मिस्साला जाऊन येईन, तिथं नावं पुकारत नाय. तुमी उभे राहिलात तर मला बघवणार नाय, नि नाय राहिलात तर ते पण बघवणार नाय.

(दुसऱ्या दिवशी, मोठी मिस्सा सुटल्यावर. तीच ओसरी.)

नॅन्सी : एकटीच? ते कुठं हाय?

जोसेफीन : मागे राहिलेत. आई, मला आधी पाणी दे.

नॅन्सी : पाणी घे नि बोल. उभे राहिले?

जोसेफीन : राहिले.

नॅन्सी : बघ. मला त्या बुटांवरूनच कळलं होतं. जाऊ दे बाय. तू शब्द दिलास, आता पाळ. शाळा चांगली हाय. मी फादरला भेटते पुन्हा. हळूहळू...

जोसेफीन : आई, ऐक तरी पूर्ण.

नॅन्सी : सांग.

जोसेफीन : आधी रेमंडचं नाव पुकारलं.

नॅन्सी : रेमंडचं?

जोसेफीन : गोराईच्या मुलीबरोबर. त्याचा पहिला पुकार.

नॅन्सी : चला, म्हणजे त्याची आई आता माझ्याशी बोलंल. पुढं?

जोसेफीन : मग माझं. जोसेफीन, इसिडोर आणि नॅन्सी यांची मुलगी, तिसरा आणि शेवटचा पुकार. कोणाची हरकत असल्यास आता बोलावं. मी खालीच बघत होते. आणि पुरुषांच्या बाजूने बूट वाजले. तुला माहीत आहेत ते बूट.

नॅन्सी : कुरकुरतात. लग्नातपण कुरकुरले होते.

जोसेफीन : सगळं देऊळ वळलं. फादरनी चष्मा काढला. म्हणाले, इसिडोर, तुझी हरकत आहे? बाबा म्हणाले, हाय.

नॅन्सी : असं म्हणाले?

जोसेफीन : स्पष्ट. मला वाटलं, संपलं. मी डोळे मिटले. मनात म्हटलं, सोमवारी तिसरीचा वर्ग, मंगळवारी तिसरीचा वर्ग. रडायचं नाही, घरी जाऊन रडायचं. आणि मग ते बोलायला लागले. फादरना मधे बोलूच देईनात.

नॅन्सी : काय बोलले? नीट सांग, जसंच्या तसं.

जोसेफीन : म्हणाले, फादर, माझी हरकत पोरीच्या जाण्यावर नाय, तुमच्या इचारण्यावर हाय. तुमी इचारता, कोणाची हरकत हाय काय, आणि सगळे गप बसले की समजता सगळे राजी हाय. माझी जमीन घेतली तवा शेजारीपाजारी गप बसले होते. ते काय राजी होते? घाबरले होते. मी गप बसून माझी पोर देणार नाय. उद्या कोणी म्हणायला नको, बापाला पटलं नव्हतं, पण बिचारा काय बोलला नाय.

नॅन्सी : मग?

जोसेफीन : मग माझ्याकडे बोट केलं. म्हणाले, ही माझी जोसेफीन. हिचा बाप मी. मी राजी हाय. तोंडाने सांगतो, सगळ्यांनी ऐका. आणि बसले.

नॅन्सी : बसले?

जोसेफीन : बसले. फादर चष्मा हातात घेऊन तसेच उभे. मग म्हणाले, बरं, इसिडोर. आणि मिस्सा पुढे चालू झाली. आई, तू रडतेस काय?

नॅन्सी : रडते, मग काय करू. पंचवीस वर्षं या माणसाच्या तोंडातून भात वाढ, पाऊस आला, एवढंच निघालं. आणि बोलला तो पण मी नसताना. काय गरज होती मला पहाटेच्या मिस्साला जायची? मला ऐकायचं होतं गो.

जोसेफीन : मी सांगितलं ना जसंच्या तसं.

नॅन्सी : तुझं सांगणं वेगळं, त्यांचं वेगळं. पण आहेत कुठं? लोकांनी धरून ठेवलंय?

जोसेफीन : नाही. सगळे बाहेर त्यांची वाट बघत थांबले होते, तर ते मागच्या दाराने सिमेट्रीत गेले. मी लांबून बघितलं. आजीच्या क्रुसाजवळ उभे होते. मी गेले नाही. त्यांचं त्यांना बोलू दे म्हटलं.

नॅन्सी : बरं केलंस. ते बघ, आले. अनवाणी येतायत. बूट हातात.

इसिडोर : जेवण झालंय काय?

नॅन्सी : झालंय. तुमी काय देवळात भाषण केलंत म्हणे.

इसिडोर : भाषण कसलं. बूट चावत होते. म्हणून जास्त बोललो नाय, नायतर अजून होतं.

नॅन्सी : अजून काय होतं?

इसिडोर : ते आईला सांगून आलो. तिचं नाव आता घरात राहणार नाय, तर रागवू नको म्हटलं. पोर दुसऱ्या नावाने काम करंल, पण हात तुझेच हाय. आईपण बायकांच्या वेण्या घालायची, कोणाचं लग्न असलं की. तुला माहीत नाय, नॅन्सी, तू यायच्या आधी.

नॅन्सी : मला तुमच्या आईनेच सांगितलंय.

इसिडोर : मग जेवायला वाढ. जोसू, तुझं तोंड का उतरलंय?

नॅन्सी : आल्यापासून अशीच हाय. चांगली बातमी सांगितली, नि तोंड बघा, शाळेत निरीक्षक आल्यासारखं.

इसिडोर : काय झालं? अजून काय राहिलं? मी नीट बोललो नाय काय? फादर काय म्हणाले?

जोसेफीन : फादर काही म्हणाले नाहीत. तुम्ही खूप चांगलं बोललात.

इसिडोर : मग?

जोसेफीन : काल रात्रीपर्यंत मला वाटत होतं, बाबा नाही म्हणतायत, बाबांना कसं मनवायचं. वर्षभर तेच डोक्यात. दुसरं काही बघायला वेळच नव्हता. आज तुम्ही बसलात आणि एकदम कळलं, आता खरंच जायचं. पुढच्या सोमवारी. कॉन्व्हेंटात ना आईचा आवाज, ना तुमचं पहाटेचं खोकणं. तिथली जागा कशी असेल, झोप लागेल का, मला जमेल का. एका बाईची एक वेणी घातली म्हणून आयुष्यभर जमेल असं थोडंच आहे.

नॅन्सी : जमंल गो.

इसिडोर : तू थांब. तिला बोलू दे. भीती वाटते?

जोसेफीन : तुम्ही अडवत होतात तोवर कधीच वाटली नव्हती.

इसिडोर : आणि आता?

जोसेफीन : आता खूप वाटते. जायचं तर आहेच. पण वाटते, बाबा. तुम्ही सगळ्यांसमोर राजी म्हणालात आणि मी अशी. तुम्हाला काय वाटेल?

इसिडोर : बरं वाटलं.

जोसेफीन : बरं?

इसिडोर : हसत हसत गेली असतीस, तर मी म्हटलं असतं, पोरीला या घरात सुख नव्हतं.